वतन आणि शुभवर्तमान

धर्मग्रंथांच्या चिकित्सेवरील पुस्तके आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत सहसा वाचली जात नाहीत. ज्यांचा तो धर्म त्यांनी ती वाचावीत आणि ज्यांचा तो व्यवसाय त्यांनी ती लिहावीत, अशी एक सोयीस्कर वाटणी आपण मनाशी करून ठेविलेली असते. मानववंशशास्त्रावरील ग्रंथांची अवस्था याहून निराळी नाही. दूरदेशच्या आदिवासींविषयीची आपली जिज्ञासा बहुधा त्यांच्या वेषभूषेपाशी व शिकारीच्या हत्यारांपाशी संपते. ह्या दोन उपेक्षित शाखांतील दोन ग्रंथ आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले, आणि वाचकांनीही ते तसेच वाचावेत अशी शिफारस करण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत. पहिला ग्रंथ डब्ल्यू. डी. डेव्हिस यांचा 'द गॉस्पेल अँड द लँड'. हा १९७४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. दुसरा टी. जी. एच. स्ट्रेलो यांचा 'अरंडा ट्रॅडिशन्स'. हा १९४७ साली मेलबर्न येथे निघाला. पहिल्यात नव्या कराराच्या लेखकांनी पॅलेस्टाइनच्या भूमीविषयी काय मानिले याची छाननी आहे. दुसऱ्यात मध्य ऑस्ट्रेलियातील अरंडा लोकांचे आपल्या भूमीशी कोणते नाते असते हे सांगितले आहे. दोन्ही ग्रंथ आता नवे राहिलेले नाहीत व दोहोंवर मागाहून पुष्कळ लिहिले गेले आहे. तरी त्यांची बरोबरी करील असे त्यांत आम्हांस थोडेच आढळले.

दोहोंच्या बुडाशी एकच प्रश्न आहे. मनुष्याची व त्याच्या देवाची गाठ पडते ती विवक्षित जागी, की जागेचा त्या भेटीशी काही संबंधच नाही? प्रश्न वरवर पाहता मठात बसून चर्चिण्याजोगा वाटेल. परंतु ऑस्ट्रेलियात ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर खाणी खणल्या गेल्या, दावे चालले, आणि जे लोक त्या भूमीवर हजारो वर्षे राहत आले त्यांस ती त्यांची म्हणता येईल किंवा नाही, ह्याचा निकाल लागला. म्हणून तो तत्त्वज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

प्रथम डेव्हिस यांचा विचार करू. हे गृहस्थ १९११ साली वेल्समध्ये जन्मले व उत्तरायुष्यात अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अध्यापक होते. पौलाचे विचार ग्रीक गूढपंथांतून उसने आले असे म्हणण्याची प्रवृत्ती विद्वानांत प्रबळ असताना, तो हाडाचा यहुदी होता व त्याचा उलगडा यहुदी पंडितांच्या ग्रंथांतूनच झाला पाहिजे, हे त्यांनी १९४८ सालच्या पौलावरील आपल्या पुस्तकात मोठ्या परिश्रमाने दाखविले. प्रस्तुत ग्रंथातही तोच बाणा आहे. अब्राहामास देवाने एका देशाचे वचन दिले; त्या वचनावर यहुदी धर्माची अर्धी इमारत उभी आहे. मग त्याच धर्माच्या कुशीतून निघालेल्या ख्रिस्ती संप्रदायाने त्या वचनाचे काय केले? इतका उघड प्रश्न त्यांच्यापूर्वी फारसा कोणी नेटाने विचारला नव्हता, हेच आश्चर्य.

उत्तर देण्याची त्यांना घाई नाही. जुन्या करारातील प्रवाह आणि प्रतिप्रवाह ते आधी सावकाश मांडतात. भूमी पवित्र खरी, पण नियमशास्त्र मिळाले ते त्या भूमीबाहेर, सीनाय पर्वतावर; देश गेला तरी धर्म टिकला, आणि परदेशांत विखुरलेले यहुदी तो पाळीतच राहिले. ही पार्श्वभूमी तयार झाल्यावर ते नव्या कराराकडे वळतात, आणि येथे त्यांच्या बुद्धीची खरी धार दिसते. पौल गलतीकरांस लिहिताना अब्राहामाच्या वचनाची चर्चा करतो, वारस कोण हे ठरवितो, पण वारशात जी मुख्य वस्तू होती त्या देशाचे नावही काढीत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तर अब्राहामास मिळावयाचा तो वारसा 'देश' न राहता 'जग' होतो. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात इस्राएलास लाभलेल्या गोष्टींची यादी आहे; दत्तकपणा आहे, करार आहेत, उपासना आहे, वचने आहेत; भूमी नाही. मौनावरून अनुमान काढणे हे टीकाकाराचे सर्वांत धोक्याचे काम. परंतु येथे मौन एकदा नाही, वारंवार आहे, आणि बोलणे अपरिहार्य होते नेमके तेथेच आहे. त्यामुळे डेव्हिस यांचे अनुमान आम्हांस मान्य करावे लागते.

प्रेषितांच्या कृत्यांतील स्तेफनाच्या भाषणावरील त्यांचे विवेचनही असेच मार्मिक आहे. मरणाच्या दारी उभा असलेला हा मनुष्य न्यायसभेपुढे पूर्वजांचा इतिहास सांगतो, आणि तो इतिहास ऐकत असताना हळूहळू लक्षात येते की देवाच्या दर्शनाची सारी मोठी स्थळे तो पवित्र देशाच्या बाहेरची निवडीत आहे: अब्राहामाला मेसोपोटेमियात, योसेफाला मिसरात, मोशेला सीनायच्या रानात. अब्राहामाच्या हाती त्या देशात पाऊलभरही जमीन नव्हती हे तो मुद्दाम सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री विहिरीवर विचारते, उपासना ह्या डोंगरावर करावी की यरुशलेमात? येशूचे उत्तर दोहोंपैकी एकाही बाजूचे नाही. याकोबाने जेथे शिडीचे स्वप्न पाहिले त्या बेथेलची जागा त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मनुष्याचा पुत्र घेतो. पुढच्या अध्यायात मंदिराची जागा त्याचे शरीर घेते. सारांशाने डेव्हिस यांचा सिद्धान्त असा: जागेचे पावित्र्य नव्या कराराने एका व्यक्तीच्या ठायी नेऊन ठेविले.

सिद्धान्त भव्य आहे, आणि डेव्हिस तो प्रामाणिकपणे मर्यादित करतात हे सांगणे न्यायाचे होईल. नव्या करारात एकच सूर नाही हे ते दडवीत नाहीत. गालीली म्हणजे मुक्तीची भूमी व यरुशलेम म्हणजे विरोधाची, असा जो सुबक भूगोल लोहमायर व लाइटफुट या पंडितांनी मार्काच्या शुभवर्तमानावर बसविला होता, तो त्यांनी पुरावा तपासून उतरवून ठेविला. तरीही आमचा एक आक्षेप राहतोच. डेव्हिस भूमीचा विचार सर्वत्र 'मत' म्हणून करतात. अमुक लेखकाचे भूमीविषयी मत काय, एवढेच ते विचारतात. पण शुभवर्तमाने ही मतांची पुस्तके नव्हेत, त्या कथा आहेत. आणि कथेला उभे राहण्यास जमीन लागते. कफर्णहूम, बेथानी, गेथशेमाने ही नावे काढून टाकली तर पौलाची पत्रे जशीच्या तशी राहतील. शुभवर्तमाने राहणार नाहीत. दुसऱ्या शतकात सार्दीसचा मेलितो पूर्वेकडे प्रवास करून, ह्या गोष्टी जेथे घडल्या ते स्थळ पाहून आला. ३३५ साली यरुशलेमात पवित्र कबरीवरील मंदिराचे समर्पण झाले, आणि मग यात्रेकरूंची रीघ लागली. व्यक्तीमुळे त्या जागांस महत्त्व आले एवढे डेव्हिसही मान्य करतील. परंतु जागा अशा रीतीने मागल्या दाराने परत आत येते याचा त्यांच्या ग्रंथात पुरेसा हिशेब नाही. तो हवा असल्यास रॉबर्ट विल्कन यांचा 'द लँड कॉल्ड होली' (१९९२) वाचावा.

येथे मराठी वाचकास एक गोष्ट सुचवावीशी वाटते. डोंगरावरील प्रवचनात सौम्य जनांस जो वारसा मिळावयाचा आहे त्यासाठी मूळ ग्रीकात 'गे' असा शब्द आहे. ह्याचा अर्थ पृथ्वी असाही होतो व देश किंवा जमीन असाही होतो. ज्या सदतिसाव्या स्तोत्रातून हे वचन आले तेथील इब्री शब्दही असाच दुहेरी आहे. त्या स्तोत्रात गांजलेल्या माणसाला त्याची जमीन परत मिळावयाची आहे; प्रवचनात ती विस्तारून सारी पृथ्वी झाली, असे म्हणता येते. आमच्या मराठी भाषांतरकारांनी येथे 'पृथ्वी' हा शब्द घेतलाच, पण त्याला जोडून 'वतन' हा शब्द वापरला. हा शब्द त्यांना कसा सुचला असेल ते असो. त्यांनी नकळत त्या वचनाला पुन्हा मातीत रोविले. वतन म्हणजे नुसती मालमत्ता नव्हे. वतन म्हणजे जमीन, मान, हक्क आणि त्या हक्काबरोबर वंशपरंपरेने गळ्यात आलेली चाकरी. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, महाराचे वतन. ज्याचे काम त्याची जमीन, आणि ज्याची जमीन त्याला त्या कामातून सुटका नाही. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता स्ट्रेलो. ह्यांची कहाणी ह्यांच्या वडिलांपासून सुरू होते. कार्ल स्ट्रेलो हे जर्मन लूथरन पाद्री १८९२ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील किलालपनिना येथील मिशनवर आले. तेथे त्यांनी सहकारी रॉयथर यांच्यासह नव्या कराराचे डिएरी भाषेत भाषांतर केले. ते १८९७ साली छापले गेले, आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषेत संपूर्ण नवा करार उतरण्याची ती पहिलीच वेळ. त्या मिशनचे नाव होते बेथेस्दा. १८९४ साली ते मध्य ऑस्ट्रेलियात फिंक नदीकाठच्या मिशनवर गेले. त्याचे नाव हर्मान्सबुर्ग, जर्मनीतील ज्या गावी पाद्री तयार होत त्या गावावरून. जागेला महत्त्व नाही असा ज्यांचा धर्म, त्यांनी एका वाळवंटात योहानाच्या शुभवर्तमानातील तळ्याचे नाव न्यावे व दुसऱ्यात आपल्या गावाचे, हे पाहून आम्हांस थोडे हसू आले. हर्मान्सबुर्गच्या जागेला अर्थातच आधीपासून नाव होते: न्तारिया.

थोरल्या स्ट्रेलोंनी अरंडा लोकांच्या कथा व गीते जर्मन भाषेत अनेक भागांत प्रसिद्ध केली (१९०७–१९२०), आणि त्यावरून एक वाद माजला. 'अल्चिरा' ह्या शब्दाचा अर्थ काय? स्पेन्सर व गिलेन या जोडीने १८९९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात 'अल्चेरिंगा' म्हणजे पूर्वजांचा स्वप्नकाळ असे सांगितले होते. आज सर्वत्र वापरला जाणारा 'ड्रीमटाइम' हा इंग्रजी शब्द तेथूनच रूढ झाला. पाद्रीबोवांनी मात्र 'अल्चिरा' हा शब्द ईश्वरासाठी योजिला व तो कथांतही दिसतो असे लिहिले. स्पेन्सर यांनी त्यांची टवाळी केली; अँड्र्यू लँग यांनी उलट तो उच्च देवतेचा पुरावा म्हणून उचलला. धाकट्या स्ट्रेलोंनी पुढे असा खुलासा केला की ह्या शब्दात 'अनादि, कोणापासूनही न उपजलेले' असा भाव आहे. भाषांतर करणारा मनुष्य एकेका शब्दाबरोबर एकेक तत्त्वज्ञान आत घेतो किंवा बाहेर ठेवतो, याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

टी. जी. एच. स्ट्रेलो यांचा जन्म १९०८ साली हर्मान्सबुर्ग येथे झाला. अरंडा भाषा त्यांनी शिकली नाही. ती त्यांना लहानपणीच बोलता येत होती. म्हणून 'अरंडा ट्रॅडिशन्स' हे परक्याने केलेले निरीक्षण वाटत नाही. त्यात जे वर्णिले आहे ते थोडक्यात असे. आरंभी पूर्वज भूमीच्या पोटातून उठले, चालू लागले, त्यांच्या चालण्याने, भांडणाने, शिकारीने टेकड्या व ओढे घडले, आणि दमून ते पुन्हा भूमीत शिरले. पण ते मेले नाहीत. ज्या ज्या जागी ते होते त्या त्या जागी त्यांच्या जीवनाचा अंश राहिला. स्त्रीला गर्भाची जाणीव प्रथम ज्या जागी होते त्या जागेच्या पूर्वजाचा अंश तिच्या बालकात येतो. म्हणजे मनुष्य आईबापांचा जितका, तितकाच एका खडकाचा, एका पाणवठ्याचा असतो. मुख्य पवित्र स्थळास ते 'प्मारा कुताता' म्हणतात. त्याचा अर्थ शाश्वत घर. प्रत्येक जागेचे गीत, प्रत्येक गीताचा धनी, प्रत्येक धन्याची कर्तव्ये ठरलेली. स्ट्रेलो म्हणतात की अरंडा मनुष्याला सारा प्रदेश आपल्या वंशवृक्षासारखा दिसतो. मत्तयाचे शुभवर्तमान वंशावळीने सुरू होते हे वाचकांस स्मरत असेल: अमुकापासून अमुक, बेचाळीस पिढ्या. तेथे वंश म्हणजे माणसांची साखळी, एकामागून एक, काळात उतरणारी. येथे वंश समोर पसरलेला आहे, आणि तो पायी चालून जाता येतो.

ह्या ग्रंथकाराच्या मनात केवढा ताण असेल याची कल्पना करून पाहावी. वडिलांनी केलेल्या अरंडा भाषांतराची सुधारणा ह्यांनीच केली, आणि तो नवा करार १९५६ साली छापून निघाला. त्यात इब्री लोकांस लिहिलेले पत्र आहे, आणि त्याच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की येथे आपले टिकाऊ नगर नाही, आपण येणाऱ्या नगराची वाट पाहतो. शाश्वत घर येथेच, ह्या ओढ्याच्या वळणावर आहे, असे सांगणारे वृद्ध ज्यांचे गुरू, त्यांच्याच हातून हे वाक्य त्याच भाषेत उतरत होते. डेव्हिस यांचा पाचशे पानांचा प्रश्न स्ट्रेलोंपुढे एका ओळीचे भाषांतर करताना उभा राहिला असला पाहिजे.

स्ट्रेलो यांच्या लेखनात दोष नाहीत असे नव्हे; दोष मोठे आहेत. आपण जे ऐकले ते ऐकणारे आपण शेवटचे, ही भावना त्यांच्या पानापानांत आहे. पूर्वजांनी एवढे सर्व गाऊन ठेविले की वंशजांना नवे काही करावयास उरले नाही, परंपरेने व वृद्धांच्या अधिकाराने निर्मितीची उर्मीच मारून टाकिली, असे ते लिहितात. हे वाचून आम्ही थबकलो. कारण त्याच हर्मान्सबुर्ग मिशनवर १९०२ साली जन्मलेले अल्बर्ट नमत्जिरा हे अरंडा चित्रकार तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. १९३६ साली ते जलरंग शिकले, १९३८ साली मेलबर्नला त्यांचे प्रदर्शन झाले. ती चित्रे युरोपीय धाटणीची निसर्गदृश्ये आहेत अशी पुष्कळ टीकाकारांची समजूत होती. ती आपल्या भूमीची चित्रे आहेत हे मागाहून उमगले. जे निर्मितीचे सामर्थ्य लोपले म्हणून ग्रंथकार हळहळतो, ते त्याच्या जन्मगावीच जागे होते. त्याच प्रदेशातील स्त्रियांचे गायनवृंद लूथरन स्तोत्रे आपल्या भाषांत अद्यापि गातात. २०१५ साली त्या जर्मनीत जाऊन ती गाऊन आल्या.

दुसरा दोष याहून गंभीर. गीते सांगणाऱ्यांनी ती विश्वासाने सांगितली. त्यांतील पुष्कळशी अदीक्षितांनी ऐकावयाची नव्हती. स्ट्रेलोंनी ती 'साँग्ज ऑफ सेंट्रल ऑस्ट्रेलिया' (१९७१) ह्या प्रचंड ग्रंथात छापली, आणि १९७८ साली, आयुष्याच्या अखेरीस, गुप्त विधींची छायाचित्रे एका जर्मन साप्ताहिकाला विकली. शुभवर्तमान हे घराच्या छपरावरून पुकारावयाचे असते. ज्याला कान आहेत त्या कोणीही ते ऐकावे. अरंडा गीताला धनी असतो व जागा असते. पाद्र्याच्या मुलाने दुसऱ्याच्या धर्मग्रंथाला पहिल्याचा नियम लावला, असे आमचे मत आहे.

भूमी व धर्मग्रंथ यांची गाठ प्रत्यक्ष व्यवहारात कशी पडली हे पाहण्यासाठी आता उत्तरेकडे, आर्नहेम लँडमधील यिर्काला येथील मेथडिस्ट मिशनवर जावे लागते. येथील योल्ङू लोकांनी १९६२-६३ साली मिशनच्या मंदिरासाठी दोन मोठे चित्रफलक रंगविले, एक धुवा शाखेचा व एक यिरित्जा शाखेचा. त्यांवर पूर्वजांच्या प्रवासाच्या कथा, म्हणजेच भूमीवरील आपल्या अधिकाराचे लेख होते. ते क्रूसाच्या दोहो बाजूंस उभे राहिले. त्याच वेळी बॉक्साइटच्या खाणीसाठी राखीव प्रदेशातून तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी सरकारने काढून घेतली. तेव्हा, १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात, त्यांनी झाडाच्या सालीवर चित्रांची चौकट करून आपल्या भाषेत व इंग्रजीत पार्लमेंटला अर्ज पाठविला. मिशनचे प्रमुख एडगर वेल्स त्यांच्या बाजूने उभे राहिले व त्याबद्दल त्यांस ते पद सोडावे लागले. चित्रफलकांचे पुढे असे झाले की, सत्तरीच्या दशकात ते मंदिराबाहेर काढून टाकण्यात आले. लोकांनीच ते मागाहून उचलून आणिले, आणि आज ते यिर्कालाच्या कलाकेंद्रात जपून ठेविले आहेत. क्रूसाशेजारी पूर्वजांस जागा देणारे पाद्री व त्यांस बाहेर काढणारे पाद्री एकच बायबल वाचीत होते.

अर्जाने काम झाले नाही म्हणून लोक न्यायालयात गेले. १९७१ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. निकालपत्र विचारपूर्वक लिहिले आहे; ह्या लोकांची सूक्ष्म व सुसंगत अशी कायद्याची पद्धत आहे हे त्यांनी आदराने मान्य केले. परंतु मालकी म्हणजे काय? उपभोगण्याचा, इतरांस मज्जाव करण्याचा व विकून टाकण्याचा हक्क. ह्या कसोटीवर योल्ङू लोकांचे नाते उतरेना. त्यांच्यात भूमीविषयी मालकीपेक्षा कर्तव्याची भावना अधिक बळकट दिसते, असे न्यायमूर्तींस वाटले, आणि दावा निकालात निघाला.

मघाचा 'वतन' शब्द येथे हाताशी घ्यावा. कर्तव्य अधिक म्हणून हक्क कमी, हा विचार ज्याने वतन पाहिले आहे त्याला पटावयाचा नाही. आपल्याकडे हक्क होता तो कर्तव्यामुळेच. वतनदार आपली जमीन वाटेल त्याला विकू शकत नव्हता. १८७४ च्या मुंबई इलाख्यातील वतन कायद्याने वतनाबाहेरील माणसास ती देण्यास सरकारच्या परवानगीवाचून मनाई केली होती. म्हणून ती त्याची नव्हती असे कोणत्या इंग्रज कलेक्टराने म्हटले असते? चाकरीशी जखडलेला व विकता न येणारा हक्क इंग्रजी अंमलाखालील न्यायालयांनी एका देशात शंभर वर्षे ओळखला. त्याच कायद्याच्या परंपरेत वाढलेल्या दुसऱ्या देशाच्या न्यायालयाला तसाच हक्क दिसेना. ही तुलना आमची आहे, आणि तिला मर्यादा आहेत: वतनाला राजाची सनद लागे, योल्ङूंची सनद पूर्वजांची आहे. तरी मुद्दा शाबूत राहतो.

पण वतनाची गोष्ट काढल्यावर ती अर्धी सांगून भागत नाही. ह्याच शब्दाची दुसरी बाजू महार वतनाची. थोड्याशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात साऱ्या सरकारची व गावाची दिवसरात्र वेठ. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली त्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणिले ते काही भूमीच्या द्वेषाने नव्हे. ज्याच्या पायांत जागेने बेडी घातली त्याला, जागेवर काही अवलंबून नाही, हे वचन शुभवर्तमानच वाटणार. डेव्हिस यांचा पौल येथे पुन्हा उभा राहतो आणि त्याला टाळता येत नाही. गलती प्रांतातील ज्या लोकांस तो लिहीत होता त्यांचा त्या पवित्र देशात वीतभर वाटा नव्हता, व कधी असणारही नव्हता. वारसा जमिनीचा राहिला असता तर ते कायमचे उपरे राहिले असते. पौलाने भूमी गाळली ती ह्यांना आत घेण्यासाठी. ऑस्ट्रेलियात तेच गाळणे उलट फिरले, कारण तेथे गाळली गेली ती ऐकणाऱ्यांची स्वतःची भूमी. एकच वचन भूमिहीनाच्या कानी एक सांगते व भूमिपुत्राच्या कानी दुसरे. ते वचन कोण कोणास ऐकवीत आहे, हे विचारण्याची सवय ग्रंथचिकित्सकांस अजून पुरती लागलेली नाही.

पुढे १९७६ साली उत्तर प्रांतासाठी आदिवासींच्या भूमिहक्काचा कायदा झाला, आणि ३ जून १९९२ रोजी माबो दाव्यात वरिष्ठ न्यायालयाने ऑस्ट्रेलिया ही निर्मनुष्य वा निर्नायक भूमी होती हा सिद्धान्त टाकून दिला. तो दावा आदिवासींचा नव्हता, टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाच्या लोकांचा होता; हे दोन समाज निराळे आहेत. वादींपैकी एक, डेव्ह पासी, हे अँग्लिकन धर्मगुरू. बेटाचा प्राचीन देव मालो, आणि त्याचा नियम असा की दुसऱ्याच्या जमिनीस हात लावू नये. पासी यांच्या दृष्टीने ख्रिस्त मालोला पुसण्यासाठी आलेला नसून, मालो ज्याच्याकडे बोट दाखवीत होता तो ख्रिस्त. नियमशास्त्र व शुभवर्तमान यांचे जे नाते मत्तयाने लाविले तेच नाते ह्या धर्मगुरूने आपल्या बेटाच्या कायद्याशी लाविले; आणि त्यात भूमी गळाली नाही. प्रशिक्षित चिकित्सकांनी ह्या वाचनाकडे हौशी म्हणून पाहू नये.

चिकित्सकांतही आता हा विचार शिरला आहे. नॉर्मन हेबेल ह्या ऑस्ट्रेलियन लूथरन पंडितांनी 'द लँड इज माइन' (१९९५) मध्ये जुन्या करारात भूमीविषयी एक नव्हे, सहा निरनिराळ्या दृष्टी आहेत असे दाखविले. त्यांतील अब्राहामाची, म्हणजे यजमानांच्या देशात सलोख्याने राहणाऱ्या पाहुण्याची दृष्टी, आपल्या देशबांधवांनी शिकावी अशी त्यांची इच्छा स्पष्ट दिसते. पुस्तक उपयुक्त आहे. वर्गीकरण जरा जास्त नेटके आहे. टोनी स्वेन यांचा 'अ प्लेस फॉर स्ट्रेंजर्स' (१९९३) अधिक धाडसी. आदिवासींच्या जीवनाचे मूळ तत्त्व काळ नसून स्थळ आहे, आणि म्हणून 'स्वप्नकाळ' हा शब्दच चुकला, हे त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. परंतु सर्वांची माता व सर्वांचा पिता ह्या कल्पना परक्यांच्या संसर्गानेच आल्या, हे त्यांनी ज्या खात्रीने लिहिले तितका पुरावा त्यांच्याजवळ नाही.

डेव्हिस यांचा ग्रंथ ज्यांस जड वाटेल त्यांनी योहानावरील प्रकरणापासून आरंभ करावा, व तळटीपा पहिल्या वाचनात सोडाव्यात. स्ट्रेलो यांच्या बाबतीत आम्ही एक निराळी वाट सुचवितो. 'अरंडा ट्रॅडिशन्स'च्या आधी त्यांचे 'जर्नी टू हॉर्सशू बेंड' (१९६९) वाचावे. १९२२ च्या ऑक्टोबरात कार्ल स्ट्रेलो जलोदराने आसन्नमरण झाले. त्यांस खुर्चीत बसवून, ती खुर्ची बग्गीवर बांधून, फिंक नदीच्या कोरड्या पात्राने रेल्वेच्या दिशेने नेण्यात आले, आणि चौदा वर्षांचा मुलगा बरोबर होता. पाद्री जीव वाचावा म्हणून प्रार्थना करीत आहे, उत्तर येत नाही, आणि आपला देव आपणांस का सोडून गेला हा प्रश्न तो उघड विचारू लागतो. इकडे गाडी ज्या ज्या मुक्कामावरून जाते त्या त्या मुक्कामाची अरंडा कथा लेखक आपणांस सांगत जातो. हॉर्सशू बेंड येथे कार्ल स्ट्रेलो वारले व तेथेच त्यांस पुरण्यात आले.